चिक चॉकलेट यांचं ट्रंपेट ओळखायला मदत हवी आहे

चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे जॅझ ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७), यांच्या चित्रपटगीतांतल्या वादनाची यादी करतो आहे. ते संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहाय्यक होते, 'अलबेला'त (१९५१) बँडसकट पडद्यावर दिसतात, 'नादान'चं (१९५१) संगीतही त्यांचंच. इथवर अडचण नाही. बाकीच्या गाण्यांतला ट्रंपेट त्यांचाच, हे कशावरून ठरवायचं?

श्रेयनामावलीत वादकांची नावं नसतात. ७८ फेऱ्यांच्या (आरपीएम) तबकडीवर गायक आणि संगीतकार, बस्स. मॅट्रिक्स क्रमांकावरून (तबकडीवर उमटवलेला ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) ध्वनिमुद्रणाचा काळ अंदाजे लागतो, वादक कळत नाही. नुसत्या कानावर माझा भरवसा नाही: त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे इतरही उत्तम ट्रंपेटवादक होते आणि अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगची ढब बऱ्याच जणांनी उचललेली. शिवाय तबकडीवरचं गाणं आणि पडद्यावरचं गाणं कधीकधी वेगवेगळं ध्वनिमुद्रित झालेलं असतं, त्यामुळे दोन्हींची नोंद स्वतंत्र ठेवतो आहे.

तबकड्या ३ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुईने, मोनोत, आरआयएए (नंतरच्या एलपी तबकड्यांसाठीची स्वरसंतुलनाची दुरुस्ती) न लावता संगणकावर उतरवल्या आहेत. वरच्या पट्टीतले जोरकस स्वर तरीही फाटतात, कारण जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुयांनी खोबणीच्या भिंती झिजल्यात. ३.५ मिलने थोडा फरक पडला.

कागद पाहायला मुंबई-गोव्याला येऊ शकतो. वाझ कुटुंबीयांना मात्र त्रास द्यायचा नाही.

१९५० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांची वादकांच्या नावांसह हजेरीपत्रकं, मानधनाच्या पावत्या किंवा हस्तलिखित नोटेशन कुठे जपलेलं आहे का, आणि ते पाहायला परवानगी कोणाकडे मागावी लागते?