मदत हवी आहे: शेतसनदी जमिनीचा मोडी कागद, सरकारी बाजूची नोंद कुठे शोधावी?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात बिडीच्या अंगाला आमचं गाव. जुन्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर एक पेटी निघाली, तिच्यात रुमालात बांधलेले मोडी कागद. बरेचसे देण्याघेण्याचे आहेत. एक मात्र वेगळा. हातभर लांब, दोन तुकडे खळीने चिकटवलेले, जोडावर पाठीमागून शिक्का. वरची कड वाळवीने खाल्ली आहे, त्यामुळे कोणी कोणाला लिहिलं ते गेलं. गावातल्या निवृत्त गुरुजींना मोडी येते. त्यांनी लावलं त्यात आमचं आडनाव, 'शेतसनदी', 'चाकरी मना केली' आणि 'सारा सरकारांत भरणे' एवढं स्वच्छ आहे. शेवटी 'माहे रजब, सन सल्लासीन मयातैन व अलफ'.

शेतसनदी म्हणजे गावाची राखण करायची, बोलावणं आलं की हत्यार घेऊन जायचं आणि त्याबदल्यात मिळालेली जमीन कसून खायची. कंपनीविरुद्ध बंड करणारा संगोळ्ळी रायण्णाही शेतसनदीच होता.

आमच्या वाचनालयाच्या प्रदर्शनात हा कागद मांडायचा आहे. बाकीचे फलक तयार आहेत. १८१८ साली कंपनीच्या जनरल मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला आणि एप्रिलमध्ये तो घेतला. त्या वेढ्यात कित्तूरकरांनी इंग्रजांना मदत केली होती, आणि सहाच वर्षांनी, १८२४ मध्ये, त्याच कित्तूरचं दत्तकविधान कंपनीने नाकारलं. २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरपुढे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत असतानाच १८२९ मध्ये वारली. मग रायण्णाचं बंड, आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला त्याची फाशी.

हे सगळं इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण कंपनीचं राज्य आमच्या वाडीवस्तीपर्यंत पोचलं ते जमिनीच्या हिशेबातून, असं मला फार वाटतं. किल्ला पडला तेव्हा राजा बदलला, चाकरीची जमीन सरकारसाऱ्याखाली गेली तेव्हा कुळवाड्याच्या घरातला दाणा बदलला. तो भाग फलकांवर कुठेच नाही, म्हणून या कागदाचा एवढा ध्यास.

अडचण अशी, की रायण्णाच्या लोकांनी बिडीची कचेरी जाळली होती. मग आमच्या गावची नोंद राहिली असेल का? असली तर कुठे? इकडच्या एका कार्यालयात गेलो तर 'मुंबई राज्यातलं जुनं दप्तर, तिकडे विचारा' म्हणाले. तिकडे फोन लावला तर 'तुमचा जिल्हा आता कर्नाटकात'. १९५६ ची हद्द १८३० च्या कागदाला आडवी येते हे बघून जीव तुटतो. जाणकारांनी वाट दाखवावी. आणि हो, तारखेचाही उलगडा करा की.

मोडीवेडा:
दादा, आधी तारीख. सल्लासीन तीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची सालगणना) १२३०. हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवायचे, म्हणजे १८२९-३०. रजब महिना त्या वर्षी डिसेंबरच्या अगदी शेवटी लागून जानेवारीत संपतो. कागदात कुठे फसली (महसुली साल) १२३९ दिसतंय का बघा, तेही हेच वर्ष. दोन्ही जुळले तर तारखेबद्दल शंका नको.

जोडावरचा शिक्का तिरप्या उजेडात धरून फोटो काढा. शाई गेली असली तरी दाब राहतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही नको.

धारवाडकर:
१८३० साली बेळगाव हा वेगळा जिल्हाच नव्हता. तो धारवाडातून वेगळा निघाला १८३६ मध्ये. तेव्हा बिडीचा मामलेदार जे वर कळवायचा ते धारवाडच्या कलेक्टरकडे जायचं आणि तिथून मुंबई सरकारकडे. बिडीचं दप्तर जळलं असलं तरी वर गेलेल्या पत्रव्यवहारासाठी मुंबईचं पुराभिलेखागार बघायलाच हवं, महसूल खात्याच्या खंडांत. तुम्ही जिल्ह्याच्या आजच्या नावाने विचारलंत तर कोणालाच काही सापडणार नाही. 'धारवाड कलेक्टर, १८२९-३०' असं मागा.

दुसरी वाट पुढून मागे येण्याची. आपल्या भागात इनामांची चौकशी १८४३ पासून सुरू झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. जमीन कोणी, कधी, कशासाठी दिली याची कैफियत लिहून द्यावी लागे. त्या दप्तराचा मोठा भाग पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्याच इमारतीत आहे. तुमच्या घराण्याने नंतर तक्रार केली असेल तर तिथे निघेल. आजचा उतारा आणि जुना सर्व्हे नंबर सोबत न्या.

गडहिंग्लजची लेक:
भाऊ, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे सामानगडाच्या गडकऱ्यांचं दुखणं हेच. पिढ्यान्‌पिढ्या गड राखायचा आणि गडाखालची जमीन खायची. त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायचं ठरलं आणि १८४४ मध्ये गडाचे दरवाजे बंद झाले. फौज आली ती तुमच्या बेळगावहून. पुढे १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या हातून मारला गेलेला इंग्रज अधिकारी मॅन्सन हाही आधी इनाम कमिशनात होता. बाबासाहेबांचंही दत्तक नाकारलेलं, आणि त्यांना फाशी दिली बेळगावातच. तुमच्या कागदाशेजारी हे दोन फलक लावाच.

एक विनंती मात्र. तारीख रायण्णाच्या बंडाची आहे म्हणून तुमचे पूर्वज त्याच्या फौजेत होते असं लिहू नका. चाकरी मना केली ती बंडामुळे की पाहणीत जमीन जास्त भरली म्हणून, हे कागदच सांगेल.

धागाकर्ता:
ताई, पटलं. फलकावर फक्त कागदातला मजकूर आणि तारीख येईल, फौजेचा उल्लेख नाही. कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहितोय. नंदगड-कित्तूरकडची माणसंही येतात, हा इतिहास त्यांचाही तितकाच आहे.

धारवाडकर सर, मुंबईला जायची तयारी आहे. तिथे खंड मागवायला आधी अर्ज करावा लागतो का, आणि मोबाईलने फोटो काढू देतात का, एवढं सांगाल?

मोडीवेडा दादा, तिरप्या उजेडात बघितलं. शिक्क्यात दोन ओळी दिसतात, खालच्या ओळीत 'निरंतर' वाचता येतंय. फोटो संदेशात पाठवलाय, वरची ओळ लागते का बघा.