वापर कमी केला की रेझिस्टन्स खरंच जातो का?

रात्रपाळी
टोकाचं बोलतोय, आधीच सांगतो. अँटिबायोटिक जपून वापरा हे मान्यच, पण तेवढ्यानं पसरलेला रेझिस्टन्स (म्हणजे जंतूंचं औषधाला न जुमानणं) मागे फिरेल ही समजूत मला भाबडी वाटते. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात सल्फोनामाइड (सल्फा गटाची औषधं) लिहून देणं जवळजवळ बंदच झालं, ९७ टक्के घट, तरी ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियामधला सल्फाचा रेझिस्टन्स १९९१ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास होता तो १९९९ मध्ये ४६ वर गेला. कमी व्हायचं राहिलं बाजूला, वाढला की!

चिमटा
सोयीचं उदाहरण बरोबर उचललंत. फिनलंड विसरलात वाटतं? एरिथ्रोमायसिन आणि त्याच्या भाऊबंदांचा वापर तिथे ठरवून खाली आणला आणि घशातल्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकसमधला रेझिस्टन्स १९९२ ला १६.५ टक्के होता तो १९९६ ला ८.६ वर आला, चार वर्षांत निम्मा. हे भाबडं का?

रात्रपाळी
घशातल्या स्ट्रेपचं गणित वेगळं हो. मी आतड्यातल्या प्लास्मिडवाल्यांबद्दल बोलतोय, म्हणजे ज्यांच्याकडे क्रोमोझोमपासून वेगळ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर रेझिस्टन्सचं जीन असतं.

पेट्रीडिश
प्लास्मिडचा विषय निघालाच आहे तर थोडं लांबण लावते. एमएस्सीला आमच्याकडून हा प्रयोग करून घेतला होता. एका बॅक्टेरियाकडे प्लास्मिडवर एका औषधाचा रेझिस्टन्स, दुसऱ्याकडे स्वतःच्या क्रोमोझोमवर वेगळ्याच औषधाचा, दोघं रात्रभर एकत्र वाढवायचे आणि सकाळी दोन्ही औषधं घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरायचे. त्यावर एकट्या कुणालाच वाढता येत नाही, तरी दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपके हजर! म्हणजे रात्रीत देवाणघेवाण झालेली. पहिल्यानं पिलस नावाचा केसासारखा तंतू टाकून शेजाऱ्याला जवळ ओढलं, डीएनएची एक पट्टी तिकडे सरकवली, मग दोघांनी आपापली दुसरी पट्टी भरून काढली, म्हणजे देणाऱ्याचं काहीच गेलं नाही. मी ती प्लेट कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.
आणि आलेलं प्लास्मिड सहजी जात नाही. बऱ्याच प्लास्मिडवर विष आणि त्याचा उतारा अशी जोडी असते, विष टिकाऊ आणि उतारा झटपट संपणारा. विभाजनात एखाद्या पेशीच्या वाट्याला प्लास्मिड आलंच नाही तर नवा उतारा तयार होत नाही, आधीचं विष मात्र शिल्लक, पेशी मरते किंवा तिची वाढ खुंटते. शुद्ध ब्लॅकमेल आहे राव.

रात्रपाळी
हेच तर म्हणतोय मी!! औषध बंद करून हा ब्लॅकमेल कसा थांबणार?

साधासरळ
पण ही रेझिस्टन्सची जीन्स (पँट नव्हे) माणसानं थोडीच बनवली? युकॉनमधल्या ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतही सापडलीत, मग अँटिबायोटिकच्या नावानं इतका शंख कशाला?

पेट्रीडिश
सापडलीत, खरंय. पण मातीत पडून असणं वेगळं आणि न्यूमोनियाच्या जंतूत येऊन बसणं वेगळं. सीटीएक्स-एम हे रेझिस्टन्सचं जीन घ्या, क्लुयवेरा नावाच्या फारसं कुणाला न छळणाऱ्या बॅक्टेरियाच्या क्रोमोझोमवर होतं, तिथून उचललं जाऊन प्लास्मिडवर चढलं आणि आता जगभरच्या ई. कोलायमध्ये आहे. त्याला तिथे टिकवून धरलं ते आपल्या औषधांनीच.

चिमटा
रात्रपाळी, आता डेन्मार्कची डुकरं ऐका. १९९५ मध्ये तिथे जनावरांच्या खाद्यातलं, व्हँकोमायसिनच्या जातीचं अॅव्होपार्सिन बंद केलं, कारण त्यानं व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकस (आतड्यातले बॅक्टेरिया) वाढत होते. कोंबड्यांमध्ये प्रमाण भराभर घसरलं, डुकरांमध्ये ढिम्म हलेना. का, तर डुकरांना टायलोसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालूच होतं आणि व्हँकोमायसिनचं जीन आणि टायलोसिनपासून वाचवणारं जीन एकाच प्लास्मिडवर, म्हणजे टायलोसिन चारा की व्हँकोमायसिनचं जीन फुकटात सांभाळलं जातंय! १९९८ नंतर टायलोसिन आटलं तेव्हा डुकरांमध्येही उतरलं. तुमच्या सल्फाचंही असंच दुसऱ्या जीन्सशी लटांबर असणार. एकच औषध बंद करून शेजारचं चालू ठेवलं तर काय डोंबल कमी होणार?

रात्रपाळी
डुकरांचं पटलं. पण कोंबड्यांमध्येही शून्य झालं नाही, बंदीनंतर कित्येक वर्षं थोडं थोडं सापडतच राहिलं. औषध परत सुरू केलंत की तेवढ्यावरून पुन्हा फोफावेल, म्हणून मी गेलं असं म्हणणार नाही, दबून बसलंय म्हणेन.

चिमटा
दबलेलंही चालेल मला. कोलिस्टिन या अँटिबायोटिकपासून वाचवणारं जीन एमसीआर-१ चीनमध्ये २०१५ ला जाहीर झालं, २०१७ पासून कोलिस्टिन खाद्यातून काढलं आणि डुकरांमधलं प्रमाण चांगलंच खाली आलं. आयसीयूत शेवटचं औषध म्हणून कोलिस्टिनच उरलेल्या पेशंटला शून्य झालं की नाही याच्याशी काय देणंघेणं?

रात्रपाळी
त्याच्या आतड्यात ते उरलेलं थोडं असेल तर आहे ना देणंघेणं.