लहान मुलांची सायकल पहिल्यांदा कधी आली?

ओवीची_आई
पोरगी ऑगस्टमध्ये तीनची होईल. मामाने तिला बॅलन्स बाईक आणलीये, पायडल नाही चेन नाही, नुसती दोन चाकं आणि सीट, पायाने ढकलत जायचं. सासूबाई म्हणाल्या अगं हिचे पायडल बसवायचे राहिलेत, दुकानात परत नेऊन दे. त्यांना समजावता समजावता माझ्याच मनात आलं की मुलांसाठी म्हणून मुद्दाम लहान सायकल करायला सुरुवात कधी झाली असेल? मोठ्यांची आधी आली आणि मग तिचीच छोटी केली, की मुलांचं काही वेगळंच होतं? शोधलं तर नुसत्या विकायच्या जाहिराती येतात. इथे सायकलवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

चाकंवेडा
ताई, सासूबाईंना बिनधास्त सांगा की जगातली पहिली सायकल अशीच होती, बिनपायडलची. जर्मनीत कार्ल द्राइस म्हणून वनखात्यातला अधिकारी होता, त्याने लाकडाची दोन चाकं एकामागे एक लावून गाडी केली आणि १२ जून १८१७ ला मानहाइममधून ती घेऊन निघाला, सातेक किलोमीटरवर घोडे बदलायचं ठाणं होतं तिथपर्यंत जाऊन तासाभरात परत, सगळं पायाने जमीन मागे रेटत. नाव ठेवलं लाउफमाशीने, म्हणजे पळायचं यंत्र. आणि ओवीकडे आहे तशा गाडीला जर्मन लोक आज लाउफराड म्हणतात, पळायचं चाक. दोनशे वर्षांनी नावसुद्धा जवळजवळ तेच! फरक वजनाचा, द्राइसची गाडी बावीस किलोच्या आसपास होती, ओवीची तीन-चार किलोची असेल.

मला द्राइसबद्दल फार आदर आहे. दोन चाकांवर बसून, हँडल जरा जरा वळवत माणूस पडल्याशिवाय जाऊ शकतो हे त्याने दाखवलं, त्याच्या आधी हे कुणी असं करून दाखवलेलं नव्हतं. पायडल नंतर आले. ओवी शिकतेय तो सायकलचा अवघड भाग आहे, पायडल मारणं सोपं असतं.

ओवीची_आई
अरे वा, हे वाचून दाखवते त्यांना. पण ती मोठ्या माणसांचीच गाडी ना? मग मुलं तोवर काय चालवायची?

तेलपाणी
तीनचाकी. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या निघाल्या, व्हेलोसिपीड. महागडी चीज, श्रीमंतांची. नेपोलियन तिसऱ्याच्या मुलाला तिचा इतका नाद होता की लोक त्याला ‘व्हेलोसिपीड चौथा’ म्हणायचे. लहानांसाठी तशाच तीन चाकांच्या गाड्या होत्या, काहींना वर लाकडी घोडा बसवलेला. अमेरिकेत तर पुढे कितीतरी वर्षं व्हेलोसिपीड म्हटलं की पोरांची तीनचाकीच समजायचे.

लहान दोनचाकी सोयीची का होत नव्हती याचं कारण मला फार आवडतं म्हणून जरा लांबण लावतो. पायडल थेट पुढच्या चाकाला असले की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. आता बारा इंची चाक घ्या, ओवीचं असेल तेवढं, त्याचा घेर भरतो जेमतेम ९६ सेंटिमीटर, म्हणजे पोराने जीव तोडून एक फेरा मारला तर गाडी एक मीटरही जाणार नाही. ५२ इंची चाकाला तेच चार मीटरच्या वर. म्हणून १८७० नंतर पुढचं चाक वाढवत वाढवत नेलं, पाय पोचेल तेवढं मोठं, आणि ती उंच डोलारा सायकल आली जिच्यावर चढणंच मुश्कील. ज्याचे पाय आखूड त्याला चाकही लहानच, म्हणजे वेग कमी. मग १८८५ ला इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर काढली, चेन मागच्या चाकाला, पुढचं दात्यांचं चक्र मोठं आणि मागचं लहान. वेग चाकाच्या उंचीवर अवलंबून राहिला नाही तिथेच मुलांची सोयीची सायकल शक्य झाली. चाक हवं तेवढं लहान करा, दात्यांच्या हिशोबाने भरून निघतं.

चाकंवेडा
आणि डनलॉप विसरलात! टायरमधली हवाच मुळात एका पोराच्या तीनचाकीसाठी आली. बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप म्हणून स्कॉटिश जनावरांचा डॉक्टर होता, त्याचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा, दगडी रस्त्यावर भरीव रबराच्या चाकांची तीनचाकी चालवून त्याची हाडं खिळखिळी व्हायची. बापाने १८८७ मध्ये लाकडी चकतीला रबराची नळी गुंडाळली, वरून कापड ठोकलं, फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात पहिल्यांदा तीनचाकीचं जुनं चाक सोडलं, ते मध्येच लवंडलं. हवेचं सोडलं तर अख्खं अंगण पार करून दारावर आपटून उसळलं. १८८८ ला पेटंट घेतलं. (हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच घेतलेलं निघालं, त्यामुळे डनलॉपचं पुढे रद्द झालं, पण सर्रास वापरात आणलं ते यानेच.) आज ट्रकपासून विमानापर्यंत सगळे हवेवर चालतात त्याच्या मुळाशी एका बापाची ही खटपट आहे, मला हे वाचताना दरवेळी भरून येतं.

नाना_मिरजवाले
छान माहिती मिळाली. आमच्या वेळी मापाची सायकल हा प्रकारच नव्हता हो. वडिलांची बावीस इंची, सीटवर बसलं तर पाय अधांतरी, मग दांडीखालून पाय घालायचा, डाव्या हाताने हँडल आणि उजवी बगल सीटवर, हाफ पायडल मारत मारत निघायचं. उजवी पोटरी चेनच्या तेलाने काळी व्हायची, आई घासलेटच्या बोळ्याने पुसायची, त्याची आग आग अजून आठवते. तासावर भाड्याने लहान सायकल मिळायची दुकानात, पण दोनच होत्या, रविवारी रांग. नातवाला सोळा इंचीवर दोन्ही पाय टेकवून उभा बघितला तेव्हा मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो.

ओवीच्या आई, एक सांगतो, सीट एवढी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण लागले पाहिजेत, गुडघा थोडा वाकलेला राहील. टाचा उचलल्या जात असतील तर पोर घाबरतं.

ओवीची_आई
नाना, तेच चुकलं होतं, सीट दोन बोटं वर होती. खाली केली. सासूबाईंना द्राइसचं सगळं वाचून दाखवलं, त्यांनी पहिलं विचारलं की मग तो थांबायचा कसा. ओवी मागे उभी होती, तिने पार्किंगमध्ये जाऊन दोन्ही पाय घासून दाखवलं.