अल्पकालीन मनोविकृती: वयाचा आणि स्त्री-पुरुष भेदाचा संबंध कितपत?

रामबागकर, इंदूर
माझ्या वहिनी (वय 36) गेल्या महिन्यात नऊ-दहा दिवस भानावर नव्हत्या. शेजारचे आपले बोलणे ऐकतात या समजुतीने त्या मोरीतला नळ सोडून, त्या आवाजाच्या आडोशाने माझ्याशी कुजबुजत असत. औषधे सुरू झाल्यावर त्या पूर्ववत झाल्या. डॉक्टरांनी निदान अल्पकालीन मनोविकृतीचे केले आहे; पण माझ्या मामेभावाला एकविसाव्या वर्षी असेच झाले आणि त्याचे पुढे स्किझोफ्रेनिया (दीर्घकाळ चालणारा मनोविकार) निघाले. आत्या म्हणतात, बायकांचे असे येते आणि जाते. यात तथ्य आहे का?

लष्करवासी, ग्वाल्हेर (निवृत्त मनोरुग्ण परिचारिका)
आत्याबाईंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण त्यावर विसंबू नये. अमेरिकी वर्गीकरणाप्रमाणे हा आजार किमान एक दिवस आणि महिन्याच्या आत संपणारा असतो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तीन महिन्यांपर्यंत मुभा आहे. तो स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो आणि सुरुवातीचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास येते. स्किझोफ्रेनिया मात्र पुरुषांत बहुधा विशीच्या आगेमागे डोके वर काढतो, स्त्रियांत काही वर्षे उशिरा. म्हणून वहिनी आणि मामेभाऊ यांच्यातला फरक आकड्यांशी जुळतो खरा. तरीही पहिल्या आठवड्यात दोघांकडे पाहून कोणालाही तो सांगता आला नसता, कारण 'अल्पकालीन' हे विशेषण रुग्ण पूर्ण बरा झाल्यावरच पक्के होते.

वयानुसार आम्ही शंकाही वेगळ्या घेत असू. तरुण मुलगा असेल तर आधी गांजाची चौकशी, आणि होळीच्या दिवसांत भांगेचीही. सत्तरीच्या गृहस्थाला आयुष्यात प्रथमच भास होऊ लागले, तर मनोविकृतीचे नाव घेण्याआधी लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम आणि चालू गोळ्या तपासाव्यात. ज्याला आपण वातात बडबडणे म्हणतो, ते पुष्कळदा हेच असते.

सुदामानगर, इंदूर
बाळंतपणाचा उल्लेख राहिला. हजार बाळंतिणींमध्ये एकी-दोघींना प्रसूतीनंतर अशी मनोविकृती होते, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. मला आठव्या दिवशी झाली, आणि बारशाची तयारी सोडून दवाखाना गाठावा लागला. झोप अजिबात न येणे हे पहिले लक्षण होते, ते घरच्यांनी थकवा समजून सोडून दिले. ही तातडीची स्थिती असते आणि तिचे नाते अनेकदा द्विध्रुवीय आजाराशी (ज्यात अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झोके येतात) निघते. म्हणूनच डॉक्टरांनी माझ्या आईला माहेरच्या आजारांविषयी खोदून विचारले.

रामबागकर, इंदूर
वहिनी आता गोळ्या बंद करू या म्हणतात.

लष्करवासी, ग्वाल्हेर
आपल्या मनाने नको. कधी आणि कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील. आजार उलटू शकतो, आणि काहींचे निदान पुढे बदलते, बायकांचेही. त्यांच्याकडे जाताना मामेभावाची हकिकत सांगा आणि लक्षणे नेमकी कोणत्या तारखेला सुरू झाली ते लिहून न्या.

रामबागकर, इंदूर
तारीख सापडली. दुधाचा हिशेब वहिनीच दिनदर्शिकेवर लिहितात. 11 तारखेपासून दहा दिवसांच्या चौकटी कोऱ्या आहेत.