शब्द हवा: स्वतः लक्ष्य निवडणारं शस्त्र

गोदाकाठ: नाशिकरोडला विधीच्या मुलांसाठी युद्धकायद्याचं टिपण मराठीत करतेय. माणसाने बटण न दाबता स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या ड्रोनला काय म्हणावं? कुठे 'स्वयंचलित' दिसतं, कुठे 'स्वायत्त'. दोन्ही खटकतात. आणि 'प्रपोर्शनॅलिटी'ला 'प्रमाणबद्धता' चालेल?

देवळालीकर: ताई, 'स्वयंचलित' नकोच. भूसुरुंगही स्वयंचलितच की. पाय पडला की फुटतो, मग तो जवानाचा असो की गुराख्याचा. तो काही निवडत नाही. तुम्ही विचारताय तो ड्रोन मात्र सेन्सरला दिसलेलं आधी भरलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो आणि मग मारतो. मी तोफखान्यात होतो. गोळा सुटण्याआधी कुणीतरी माणूस 'फायर' म्हणायचा आणि नंतर चौकशी झालीच तर त्याचंच नाव निघायचं. शब्द करताना हे सुटू देऊ नका.

पंचवटीकर: 'स्वायत्त'लाही माझा विरोध. स्व + आयत्त, म्हणजे स्वतःच्या ताब्यातलं. स्वायत्त महाविद्यालयात प्राचार्य असतो, नियामक मंडळ असतं, जाब विचारता येतो. ड्रोनला कोण विचारणार? पारंपरिक शस्त्रांविषयीच्या १९८० च्या करारातल्या देशांनी २०१९ मध्ये ११ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येणार नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. 'स्वायत्त' म्हटलं की ते नकळत सोपवल्यासारखंच होतं. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात शस्त्रांचे यंत्रमुक्त, पाणिमुक्त असे प्रकार आहेत. यंत्रातून सुटो की हातातून, सोडणारा कुणीतरी गृहीतच आहे.

गोदाकाठ: मग 'स्वनिर्णयी'?

पंचवटीकर: निर्णय म्हटला की विवेक आला. यंत्र फक्त वेचतं. 'वेचून वेचून मारलं' असं आपण म्हणतोच, त्यावरून 'लक्ष्यवेची' करा. 'लक्ष्यवेधी' कानाला ओळखीचा आहे, त्यामुळे हाही रुळेल.

देवळालीकर: कापूस वेचतात, फुलं वेचतात. जरा हळुवार वाटतो शब्द. पण अर्थ नेमका आहे, माझी हरकत नाही.

पंचवटीकर: 'प्रमाणबद्धता' मात्र अजिबात नको, ती मूर्तीची असते. शिवाय दोन्हीकडचे मृत सारखे हवेत, असा भलताच अर्थ निघतो. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलमधलं कलम ५१ सांगतं ते वेगळं: हल्ल्यातून अपेक्षित असलेल्या ठोस, थेट लष्करी फायद्याच्या मानाने सामान्य नागरिकांची संभाव्य हानी अवाजवी असेल, तर तो हल्ला निषिद्ध. याला मराठीत फार सुंदर शब्द आहे, 'तारतम्य'. तर-तम पाहणं. 'तारतम्याचं तत्त्व' लिहिलंत तर मुलांना अडचण कुठे आहे ते लगेच कळेल. यंत्राला माणसं मोजता येतील, पण या टेकडीचा फायदा मोठा की त्या वस्तीतले जीव, हे तारतम्य त्यात भरायचं कसं?

आणि नागरिक-सैनिक असा फरक न करणाऱ्या हल्ल्याला 'सरसकट हल्ला' म्हणा. 'सरसकट' शब्द कर्जमाफीमुळे आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे.

गोदाकाठ: 'तारतम्य' आणि 'सरसकट' लगेच घेतले. आता त्याच प्रोटोकॉलचं कलम ३६: नवं शस्त्र बनवताना, घेताना किंवा स्वीकारताना ते कायद्यात बसतं का, हे राष्ट्राने ठरवायचं. 'शस्त्रतपासणी' लिहिलं होतं.

देवळालीकर: ती नाक्यावरच्या पोलिसांची होते. 'कायदेशीर पडताळणी' करा. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये नाही, १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत आहे, तेही टिपणात येऊ द्या.