हात द्यायचा की आधी विचारायचं? 'जोसी'च्या निमित्तानं तुमचे अनुभव लिहा

नागपूरकरांनो, 'जोसी, द टायगर अँड द फिश' हा जपानी अॅनिमेशनपट ज्यांनी पाहिला आणि ज्यांनी नाही पाहिला, दोघांसाठीही हा धागा. 2020 चा सिनेमा, दिग्दर्शक कोतारो तामुरा. मूळ कथा सेइको तानाबे यांची, 1984 ची. ओसाकात आजीजवळ राहणारी कुमिको लहानपणापासून चालू शकत नाही. स्वतःला जोसी म्हणवून घेते. व्हीलचेअरसकट उतारावरून घरंगळत येते, त्सुनेओ नावाचा कॉलेजातला पोरगा तिला झेलतो आणि आजी त्याला चक्क पगारावर ठेवते. त्याला मेक्सिकोत जाऊन समुद्री जीवशास्त्र शिकायचंय, पैसे हवेतच. आणि ही जोसी बया त्याला चटईची वीण मोजायला बसवते!

मला तो पगार फार आवडला. दया नाही, नोकरी. तिथून प्रेमापर्यंत यायला वेळ लागतो आणि सिनेमा तो वेळ देतो. शेवटी तिचे पाय बरे होत नाहीत, तेही बरंच केलं.

तर मदत आणि माया यांतली रेघ तुमच्या घरात, लग्नात, प्रेमात कुठे आडवी आली? मोकळेपणानं लिहा. कुणाची नावं नकोत, उपदेश तर नकोच.

मानेवाड्याची

मला पोलिओ, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधार. नवरा धडधाकट. लग्नात स्टेजवर येणारा प्रत्येक जण आधी त्याचा हात धरायचा, "मोठं मन आहे बाबा तुझं." मी बाजूलाच शालू नेसून उभी. बँकेत नोकरी माझी, तो तेव्हा घरी बसलेला, पण मोठं मन त्याचं!

दिव्यांग-अव्यंग विवाहासाठी राज्य सरकारनं 2014 मध्ये 50 हजारांची योजना आणली, तिचा अर्ज द्यायला गेलो. टेबलामागचा माणूस मला सोडून त्यालाच विचारून राहिला, "घरून विरोध नव्हता का?" हा म्हणाला, "होता ना. तिच्या घरून." आणि खरंच होता. बाबांना बिननोकरीचा जावई नको होता.

रात्री कॅलिपरचे पट्टे सोडले की मांडीवर लाल वळ दिसतात, घामाच्या दिवसांत जास्तच. सुरुवातीला हा धावत यायचा पट्टे सोडायला. म्हटलं, तुझ्या बुटाच्या नाड्या मी सोडते का? आता तो चहा ठेवतो. चहा बरा करतो.

इतवारीवाला

आपली गोष्ट सिनेमाच्या उलटी हाय. आधी प्रेम, मग अॅक्सिडेंट. कमरेखाली जोर नाही. मे महिन्यात व्हीलचेअरच्या रिंगा अशा तापते का हात लावला का चटका. तर ते पोरगी आपला दुपट्टा ओला करून रिंगांवर टाकून ठेवे अन् स्वतः उघड्या डोक्यानं उन्हात उभी राहे. मी रागावलो का म्हणे, "चूप बे."

मेट्रोनं सोय केली, लिफ्ट हाय, सीताबर्डीपर्यंत एकटा जातो. बाहेर निघालं का फुटपाथ असा उंच का तिथंच गाडी अडते. मग चार जण न विचारता खुर्ची उचलते, मी सामानावानी वर.

तिचं लग्न झालं. पुण्याले असते. त्सुनेओले गाडी उडवते तिथं मी सिनेमा बंद केला, पुढचं पाह्यलंच नाही. बरा होतो म्हणते तो. होऊ दे.

धागाकर्ती

इतवारीवाले दादा, लिहिलंत हेच खूप. न विचारता उचलण्यावर अजून कुणी लिहील का?

फिजिओ, मेडिकल चौक

उचलण्यावर नाही, भरवण्यावर लिहितो. लकवा मारलेल्या काकांना हातात चमचा धरायचा व्यायाम देतो. पुढच्या वेळी विचारलं की काकू म्हणतात, "मीच भरवते ना, त्यांना त्रास कशाला?" पन्नास वर्षांचा संसार, काय बोलणार! मी काकूंना बाहेर चहाला पाठवतो आणि काका लपून जेवतात. सांडतात, पण जेवतात.

गोरेवाडा रोड

बायको दृष्टिहीन. रस्ता ओलांडताना लोक तिचा हात पकडून ओढतात. खरं तर तिनं आपलं कोपर धरायचं असतं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं.

सिनेमात आजीनं जोसीला सांगून ठेवलेलं असतं की बाहेर सगळी हिंस्र जनावरं आहेत, म्हणून तिला वाघ बघायचा असतो. हे ऐकल्यावर आमच्या बाईसाहेबांनाही महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिला काय दिसणार?" गेलो. वाघ पडून होता, डरकाळी वगैरे काही नाही. ही नाक वर करून म्हणाली, "इथे बासमती कोण शिजवून राहिलं?" मला वाटलं जवळपास कुणाचा डबा उघडलाय. घरी येऊन वाचलं तर वाघ हद्द आखायला जो फवारा मारतो त्यात बासमतीच्याच सुवासाचं द्रव्य असतं. मी इतक्यांदा वाघ बघितला, मला कधी आला नाही तो वास.

सिनेमा तिच्यासोबतच पाहिला. संवाद नसतात तिथे मी सांगत होतो. तिची तक्रार आहे की समुद्राखालचं दृश्य आलं की मी गप्प होतो आणि एकटाच बघत बसतो.