जनरेटर घ्या म्हणे!

बर्फवाला हर्णै: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "कोकणातल्या व्यावसायिकांनी लाइटचं रडगाणं सोडून जनरेटर घ्यावा." घेतलाय की बर्फाच्या कारखान्याला! डिझेल नव्वदच्या घरात, लिटरमागे तीन-सव्वातीन युनिटं सुटली तर नशीब. म्हणजे युनिट अठ्ठावीस-तीसला, दुरुस्ती वेगळी. वर लाइट असो-नसो, डिमांड चार्ज, म्हणजे जोडणीच्या क्षमतेवरचा आकार, चुकत नाही. कॉम्प्रेसर मध्येच थांबला की बर्फाची लादी कडेने गोठते, पोटात पाणी तसंच. असला बर्फ होडीवाले हात लावत नाहीत, आणि का लावावा? बांगडा मऊ पडला की व्यापारी भाव पाडतो. ते नुकसान कुणाच्या खात्यात घालायचं?

पुणेरी गणित: ते मीच लिहिलं होतं. धंदा म्हटला की खर्च आलाच. सोलर लावा.

बर्फवाला हर्णै: साधं ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं, सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं, साहेब. बॅटरीवर बर्फाचा कारखाना चालवून दाखवा, मी तुमच्याकडे नोकरीला येतो.

निवृत्त वायरमन: दोघंही जरा थांबा. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने खांबावरच्या इन्सुलेटरवर, तार धरणाऱ्या चिमणीवर, मिठाचा थर बसतो. पहिली भुरभुर आली की त्यावरून करंट उतरतो आणि फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी लाइन, ट्रिप. मुसळधार पावसात मीठ धुऊन जातं, लाइट टिकते. हे कुणाला सांगायचं? आणि झाडांचं काय? फांदी तोडायला गेलो की बागायतदार कोयता घेऊन समोर. रात्री तीच फांदी तारेवर पडली की फोनवर आमच्या आईबापांचा उद्धार.

देवगड हापूस: फांदी म्हणता म्हणता अर्धं कलम उतरवता. तेही मोहोर आल्यावर. पावसाआधी आठ दिवस या ना!

निवृत्त वायरमन: माणसं द्या, येतो. एका वायरमनकडे किती गावं असतात ते विचारा आधी.

मालवणी मासो: ह्या सगळा ऱ्हवांदे. कोयनेची 1960 मेगावॅट, जयगडच्या कोळशाची 1200, दाभोळात एन्रॉनचो वीजप्रकल्प झालो, जैतापुराक अणुवीज 10380 येतली म्हणतत. जमीन आमची, धूर आमचो आणि काळोख पण आमकाच?

पुणेरी गणित: काळोख वीज कमी म्हणून होत नाही. तुमच्या गावची 11 केव्हीची लाइन पडते म्हणून होतो. दाराशी अणुभट्टी आली तरी तार तीच.

मालवणी मासो: तुका काय जाता बोलूक! कोयनेक गाव उठले तेंका इचार.

चिपळूणकर: 1960 मेगावॅट हा आकडा कोयनेच्या सगळ्या टप्प्यांचा मिळून. पोफळीच्या जुन्या वीजघराचे 600.

मालवणी मासो: इलो मास्तर वही तपासूक! 600 काय कमी झाले?

देवगड हापूस: एन्रॉनचा पहिला टप्पा 1999 ला सुरू, 2001 ला बंद. त्या महागड्या विजेपायी वीज मंडळ बुडायची वेळ आली, आणि वर आम्हालाच विकासाचे विरोधक म्हणता.

बर्फवाला हर्णै: धागा बर्फाचा होता हो.

पुणेरी गणित: बरं, जनरेटर हा उपाय नाही, मान्य. खूश? पण 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत भरपाईची तरतूद आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी मागितली? तक्रारीचा नंबर तरी लिहून ठेवता का?

निवृत्त वायरमन: हे मात्र खरं बोललात. लेखी तक्रार कुणी देत नाही. ग्रुपवर शिव्या देऊन मोकळे.

बर्फवाला हर्णै: ऑनलाइन करा म्हणतात. लाइट गेली की तासाभरात टॉवरही झोपतो. रेंज आणायला तुमच्या पुण्यात येऊ?

देवगड हापूस: एसटीने या. बसस्टँडवर चार्जिंगही होईल.